मकातीतली बिनपाटीची खानावळ

मनिला महानगरातल्या मकातीच्या सान आंतोनियो व्हिलेजमध्ये, ऑफिसांच्या मागच्या गल्लीत ही कारिंदेर्या, म्हणजे साधी खानावळ आहे. पाटी नाही, मेन्यूकार्ड नाही. काचेमागे झाकण घातलेली पातेली ओळीने मांडलेली असतात. झाकण उचलून बघायचं, हवं त्याकडे बोट दाखवायचं, ताट घेऊन पंख्याखाली जागा धरायची. मनिलात आल्यापासून मी खूप ठिकाणी जेवले. झगमगत्या मॉलमध्ये जेवले, समुद्राकाठच्या महागड्या हॉटेलांतही जेवले. पण फिलिपिनो घरात रोज काय शिजतं ते कुठे खायला मिळेल, असं कुणी विचारलं तर मी इथेच पाठवते.

जायचं तर शुक्रवारी जा. त्या दिवशी मोंगो असतो, म्हणजे अख्ख्या हिरव्या मुगाचं दाटसर कालवण. शुक्रवारी मांस वर्ज्य करायच्या कॅथलिक रिवाजातून ही पद्धत आली, आणि आता वर्षभर शुक्रवार म्हटलं की मूग हे ठरलेलंच आहे. इथल्या बाई मूग अगदी मऊ शिजवतात, पण घोटून पिठलं करत नाहीत. निम्मे दाणे फुटलेले, निम्मे शाबूत. दुसऱ्या कढईत लसूण तांबूस करून त्यावर कांदा, मग टोमॅटो, आणि टोमॅटो पार विरघळेपर्यंत परतायचा. त्यावर मूग ओतले की एक उकळी, आणि गॅस बंद करताना मूठ-दोन मूठ शेवग्याचा पाला. पाला शेवटी पडत असल्यामुळे हिरवागार राहतो आणि त्याचा किंचित कडसरपणा मुगाच्या गोडीला छान तोलून धरतो.

वर चिचारोन, म्हणजे तळून फुलवलेली डुकराची कातडी, चुरून घालतात. बऱ्याच ठिकाणी ती पातेल्यातच टाकून ठेवतात, मग ती भिजून रबरासारखी होते. या बाई ती बरणीत वेगळी ठेवतात आणि वाटी हातात देताना वरून चुरतात. एवढ्या एका काळजीपोटी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत चिचारोनऐवजी तिनापा असतो, धुरावलेला मासा. मला तर तोच जास्त आवडतो, कारण धुराचा वास मुगात खोलवर मुरतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. वर काही घालू नका म्हटलं तरी फोडणीत बहुतेक वेळा सुकी कोळंबी असते. पिनाकबेत बघायला भोपळा, भेंडी, वांगं, कारलं अशी निव्वळ भाजी, पण तिची सगळी चव बागोओंगमधून, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या किंवा माशाच्या खारट लगद्यातून येते. आधी विचारा. वयाने मोठ्या बाईला इथे ‘आते’ अशी हाक मारतात. त्या हाकेने विचारलंत तर बाई काय चालेल आणि काय नाही ते खरं खरं सांगतात.

दुसरी ठरलेली गोष्ट सिनिगांग, डुकराच्या मांसाचा आंबट, पातळ रस्सा. बाजारात त्याची तयार पुडी मिळते, घरी मीही घाईच्या दिवशी ती वापरते आणि त्यात काही गैर नाही. पण पुडीचा आंबटपणा जिभेवर एकदम आदळतो आणि मागे नुसता खारटपणा उरतो. इथे कोवळ्या हिरव्या चिंचा उकडून, गाळणीवर रगडून त्यांचा गर रश्श्यात घालतात. त्यामुळे आंबटपणा सावकाश चढतो आणि शेवटच्या घोटापर्यंत टिकतो. अळकुड्या शिजून अर्ध्या विरघळल्यामुळे रश्श्याला दाटपणा येतो. सोबत मुळा, लांब हिरवी मिरची आणि शेवटी कांगकोंग या पालेभाजीची पानं. छोट्या बशीत पातिस घ्या, हे माशाचं खारट पाणी, त्यात मिरची चेचा आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवून भाताबरोबर खा. पावसाळी दुपारी याहून चांगलं मला काही सुचत नाही.

सिनिगांग खायचं तर बाराच्या आत पोहोचा. एकच्या पुढे मुळा लगदा होतो आणि कांगकोंग काळवंडतं. पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, दुपारपर्यंत चिकट होतात, त्या मी घेत नाही. लुम्पिया, म्हणजे सारण भरून तळलेला रोल, थंडच मिळतो.

आदोबो, म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस, उत्तम आहे, फक्त तेल जरा सुटतं. मांसाचा तुकडा काट्याने दाबला की सुटा होतो आणि व्हिनेगर असूनही घशाला झोंबत नाही. कारण विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं की व्हिनेगर ओतल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही आणि झाकण ठेवायचं नाही. आता घरी मी असंच करते: लसूण, काळी मिरी, तमालपत्र, सोया सॉस, उसाचं पांढरं व्हिनेगर, आणि उग्र वास जाईपर्यंत पातेल्याला हात लावायचा नाही. नारळाचं व्हिनेगर घातलं तर चव आणखी मवाळ होते, पण मग सोया सॉस कमी करा, नाहीतर त्याची नाजूक चव मरते. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेला आदोबो दुसऱ्या दिवशी सकाळी लसूणभाताबरोबर आणि तळलेल्या अंड्याबरोबर खावा.

दर असे: मोंगो ५० पेसो, आदोबो ८५, सिनिगांग ९०, भाताची एक मूद १५. अर्धी प्लेटही देतात, म्हणजे दोन-तीन पदार्थ चाखता येतात. सुटे पैसे न्या, कारण सकाळी हजाराची नोट मोडून मिळत नाही. पार्सल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात, तेव्हा डबा घरूनच नेलेला बरा. रविवारी बंद. शनिवारी बिकोल प्रांताकडचं लाइंग असतं, नारळाच्या दुधात मुरलेला सुक्या अळूच्या पानांचा तिखट प्रकार. तो अकराच्या सुमारास संपतो.