यूएसबी उपकरण सापडत नाही? साधी यादी, ट्री की लॉग: आधी काय उघडावं

उपकरण जोडलं आणि काहीच घडलं नाही, की बहुतेकजण यादी उघडून त्यात नाव शोधतात. नाव दिसलं नाही की उपकरण गेलं असं धरून चालतात. हा निष्कर्ष फार घाईचा आहे. जोडलेली उपकरणं पाहण्याच्या तीन वाटा असतात: साधी यादी, कोण कोणाला जोडलंय ते दाखवणारा ट्री, आणि जोडणी होत असतानाचा लॉग. तिन्हींतून एकच माहिती मिळते असं वाटतं, पण प्रत्येक वाट जोडणीच्या वेगळ्या टप्प्याबद्दल सांगते. म्हणून तो क्रम आधी नीट पाहू.

यूएसबी २ चं उपकरण खोचलं की ते डेटाच्या दोन तारांपैकी एकीवर १.५ किलोओहमचा रेझिस्टर लावतं. त्यावरून हबला, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या भागाला, कळतं की कोणीतरी आलंय. मग संगणक ते पोर्ट रीसेट करतो, शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर उपकरणाशी बोलतो, त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि १८ बाइटचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर, म्हणजे उपकरणाने स्वतःबद्दल दिलेली नोंद, वाचतो. उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक त्यातच असतात. त्यानंतर कॉन्फिगरेशन, म्हणजे उपकरणाने कसं चालायचं ती मांडणी, निवडलं जातं आणि शेवटी ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, जुळतो. यातली कोणतीही पायरी चुकली तरी वापरणाऱ्याला दिसतं ते एकच: उपकरण चालत नाही.

साधी यादी

लिनक्सवर ही यादी एलएसयूएसबी (lsusb) ही कमांड देते. ती झटपट मिळते आणि तिचा मोठा गुण असा की ड्रायव्हर नसला तरी उपकरण तिच्यात दिसतं. त्यामुळे ‘संगणकाने ओळखलंय, पण चालवणारं कोणी नाही’ ही अवस्था लगेच लक्षात येते.

नावांवर मात्र विसंबू नका. ती बरीचशी संगणकावरच्या क्रमांकांच्या कोशातून येतात. कोश जुना असेल तर नवं उपकरण नावाशिवाय, नुसत्या क्रमांकांनी दिसतं आणि त्यात उपकरणाचा काहीच दोष नसतो. हार्ड डिस्कच्या डबीवर एका कंपनीचं नाव असतं आणि यादीत दिसतं आतल्या चिपच्या कंपनीचं, हेही नेहमीचं. म्हणून क्रमांक पाहायची सवय लावा. ज्यांचा क्रमांक १डी६बी (1d6b) ने सुरू होतो त्या ओळी संगणकाच्या स्वतःच्या रूट हबच्या, म्हणजे आतच असलेल्या पहिल्या हबच्या, असतात. यूएसबी ३ चा एक कंट्रोलर साधारणपणे असे दोन हब दाखवतो, एक जुन्या वेगासाठी आणि एक नव्या. त्या ओळी उपकरणं म्हणून मोजल्या की हिशेब चुकतो.

विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर प्रकारानुसार गट पाडतो. त्यामुळे एकच हेडसेट ध्वनीच्या गटात आणि बटणांसाठी दुसऱ्या गटात असा विखुरलेला दिसू शकतो. लपलेली उपकरणं दाखवण्याचा पर्याय चालू केला, की पूर्वी कधीतरी जोडलेलीही फिकट होऊन यादीत येतात. यूएसबीडीव्ह्यू हे छोटं साधनसुद्धा जुनी उपकरणं दाखवतं. कोणतं उपकरण शेवटचं कधी जोडलं होतं हे पाहायला ते उत्तम, पण आत्ता काय जोडलंय हे ठरवताना तिथली प्रत्येक ओळ खरी मानू नका.

एका बाबतीत डिव्हाइस मॅनेजर एलएसयूएसबीच्या पुढे आहे. डिस्क्रिप्टर वाचता आला नाही तर एलएसयूएसबीत त्या उपकरणाची ओळच येत नाही. विंडोज मात्र ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ अशी नोंद ठेवतं आणि सोबत कोड ४३ देतं. त्या नोंदीच्या हार्डवेअर आयडीत उत्पादक क्रमांक ०००० आणि उत्पादन क्रमांक ०००२ दिसला, तर उपकरणाने स्वतःची ओळख दिलेलीच नाही. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसण्यात वेळ जातो. केबल, पोर्ट आणि उपकरण तपासा. कोड २८ असेल तर गोष्ट उलट: ओळख पटलीय, ड्रायव्हर बसवलेला नाही.

ट्री

उपकरण दिसतंय पण संथ चालतंय, मधेच तुटतंय किंवा हबवरच बिघडतंय, अशा तक्रारींसाठी मी आधी ट्री पाहीन. एलएसयूएसबीला टी (-t) हा पर्याय दिला की प्रत्येक इंटरफेससमोर, म्हणजे उपकरणाच्या प्रत्येक वेगळ्या कामासमोर, ड्रायव्हरचं नाव आणि वेग येतो. यूएसबी ३ ची डिस्क सेकंदाला ५००० मेगाबिटऐवजी ४८० वर दिसली, तर ती चालतेय पण जुन्या तारांवरून. यूएसबी ३ साठी केबलमध्ये पाच जास्तीचे संपर्क असतात. ते नीट टेकले नाहीत किंवा केबलच जुनी असली, तर उपकरण गुपचूप यूएसबी २ वर उतरतं. साधी यादी हे थेट सांगत नाही.

हबवर हब जोडले असतील तर तेही इथेच कळतं. रूट हब आणि उपकरण यांच्यामध्ये जास्तीत जास्त पाच हब चालतात. पण त्याआधी बहुधा वीज अपुरी पडते. यूएसबी २ च्या पोर्टवर एका उपकरणाला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ वर ९०० मिळतात. ज्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नाही, त्याला ही वीज वाटून द्यावी लागते.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्येच जोडणीनुसार पाहण्याचा पर्याय आहे. मायक्रोसॉफ्टचं यूएसबीव्ह्यू पोर्टागणिक डिस्क्रिप्टरही उलगडून दाखवतं. नेहमी हेच काम करणाऱ्याने ते जवळ ठेवावं.

लॉग

उपकरण कुठेच दिसत नसेल तर यादी पुन्हा पुन्हा चालवू नका. लिनक्सवर डीमेसग (dmesg) या यंत्रणेचे संदेश दाखवणाऱ्या कमांडला डब्ल्यू (-w) पर्याय देऊन चालू ठेवा आणि मग उपकरण खोचा. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी सूडो (sudo), म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागतं. यादी फक्त शेवटचा निकाल सांगते, लॉग गाडी कुठे अडली ते सांगतो.

डिस्क्रिप्टर वाचताना त्रुटी -११० आली तर उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही. -७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, सिग्नल बिघडत असल्याची शक्यता मोठी. या दोन्हींत मी आधी केबल बदलतो, मग पोर्ट, मग हब काढून थेट जोडतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. उपकरण पत्ता स्वीकारत नाही अशी ओळ असेल तरी हाच क्रम.

खोचल्यावर लॉगमध्ये एकही ओळ आली नाही, तर हबला बहुधा उपकरण आल्याचंच कळलं नाही. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, तिथे नेमकं हेच होतं: दिवा लागतो, लॉग गप्प.

विंडोजवर असा थेट वाहता लॉग सहज हाताशी नाही. उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधला इव्हेंट्स टॅब काही अंशी ती गरज भागवतो. त्यामुळे दुसरा संगणक उपलब्ध असेल, तर अवघड उपकरण मी लिनक्सवर जोडून पाहायला सांगेन.

मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीचा ट्री मिळतो, पण उघडी खिडकी आपोआप ताजी होत नाही. ती रिफ्रेश करावी लागते. अ‍ॅपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर मॅकओएस व्हेंचुरापासून नवं उपकरण जोडताना परवानगी विचारली जाऊ शकते. ती नाकारली गेली असेल तर आधी ती सेटिंग पाहा. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या दुसऱ्या आभासी संगणकात, यादी रिकामी दिसली, तर उपकरण मूळ यंत्रणेकडेच असतं. ते आत सोपवल्याशिवाय तिथे दिसणार नाही.

थोडक्यात निवड अशी: नाव किंवा ड्रायव्हरची शंका असेल तर साधी यादी, वेग, वीज किंवा हबची तक्रार असेल तर ट्री, आणि उपकरण पूर्ण गायब असेल तर लॉग. कोणाकडे मदत मागताना खोचल्यापासूनच्या लॉगच्या ओळी आणि ट्री दोन्ही द्या. उत्पादक आणि उत्पादन क्रमांक झाकू नका, कारण ते त्या मॉडेलचे असतात. अनुक्रमांक मात्र तुमच्याच उपकरणाचा असतो, तो काढून टाका.