थेट पीएचडी की आधी मास्टर्स? अर्जाच्या ताणाकडे पाहून ठरवताना

परदेशात कॉम्प्युटर सायन्समध्ये (सीएस) पुढे शिकायचं नक्की झालं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण "कुठे नंबर लागेल" एवढ्यावरून तो सोडवतात. मी दोन्ही प्रकारचे अर्ज भरले आहेत. आधी पीएचडीचे भरले आणि ते सगळे नाकारले गेल्यावर पुढच्या वर्षी मास्टर्सचे. नंतर माझ्यापेक्षा लहान असलेल्या बऱ्याच जणांचे अर्ज वाचून दिले. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: पीएचडीचा ताण प्रवेशाआधी येतो, मास्टर्सचा प्रवेशानंतर. कोणता ताण तुम्हाला पेलेल, हे आधी पाहा.

वरवर पाहता दोन्ही अर्ज सारखेच दिसतात. गुणपत्रिका, एसओपी (काय आणि का शिकायचं हे सांगणारं निवेदन), तीन शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा. अमेरिकेत पीएचडीची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. मास्टर्सची काही ठिकाणी तेव्हाच, तर काही ठिकाणी आणखी महिना-दोन महिन्यांनी. जीआरई या प्रवेशपरीक्षेचं फार मनावर घेऊ नका. अनेक सीएस विभागांनी ती काढून टाकली किंवा ऐच्छिक केली आहे, आणि सप्टेंबर 2023 पासून ती दोन तासांच्या आतच संपते. तिचे गुण 5 वर्षं चालतात, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 2 वर्षं. म्हणजे एक वर्ष थांबलात तरी ही मेहनत फुकट जात नाही.

खरा फरक पडतो तो शिफारसपत्रांनी. मास्टर्सला "माझ्या विषयात वर्गात पहिल्या पाचांत होती" असं पत्र चालून जातं. पीएचडीच्या निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. त्यांना हवं असतं ते असं: एका प्रश्नावर ही मुलगी सहा महिने अडकली होती, मग तिने स्वतःहून दुसरी वाट शोधली आणि ती अशी होती. हे लिहायला कुणीतरी तुम्हाला तसं अडकलेलं पाहिलेलं असावं लागतं. माझ्या पहिल्या खेपेला तीनपैकी दोन पत्रं नुसती वर्गातल्या गुणांची होती, आणि तिसरं मुदत उलटून दोन दिवसांनी पोचलं. ते दोन दिवस मी पोर्टल सारखं उघडून पाहत होतो. पत्रांच्या बाबतीत बरेच विभाग थोडी सवलत देतात, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

एसओपीचंही तसंच. मास्टर्सचा मजकूर थोडा इकडेतिकडे करून सगळीकडे वापरता येतो. पीएचडीला मात्र कोणत्या प्रश्नावर, कुणाबरोबर आणि का, हे विभागागणिक लिहावं लागतं. दहा अर्ज म्हणजे निदान दहा वेळा शेवटचे परिच्छेद नव्याने, आणि त्याआधी त्या प्राध्यापकांचे अलीकडचे पेपर वाचणं आलं. यात मदत मिळते. एमआयटीच्या ईईसीएस (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स) विभागासह काही ठिकाणी तिथलेच पीएचडीचे विद्यार्थी अर्जदारांचा मसुदा वाचून सूचना देतात. मात्र त्यासाठीची नोंदणी मुख्य मुदतीच्या बरीच आधी बंद होते.

मग वाट पाहणं. पीएचडीत जानेवारी-फेब्रुवारीत कुणा प्राध्यापकाचा मेल येतो, व्हिडिओ कॉल होतो आणि पुढे कित्येक आठवडे काहीच नाही. नकार आला तर कारण सांगत नाहीत. ज्यांचं नाव तुम्ही लिहिलं होतं त्यांच्याकडे यंदा ग्रँट नसेल, ते नवा विद्यार्थी घेतच नसतील, यातलं काही तुम्हाला कळत नाही. मी तो नकार स्वतःच्या लायकीवर घेतला आणि त्यात माझे चार महिने गेले. एक संरक्षण मात्र आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेल्या अमेरिकी विद्यापीठांना आर्थिक सहाय्य असलेल्या ऑफरचं उत्तर 15 एप्रिलच्या आत मागता येत नाही. मास्टर्सच्या ऑफरमध्ये सहसा सहाय्य नसतं, त्यामुळे हा आधारही नसतो. एका ठिकाणी आधी डिपॉझिट भरा म्हणतात, तर दुसऱ्या ठिकाणचा निकालच आलेला नसतो.

पैशांचं तर सरळच आहे. अमेरिकेत सीएसच्या पीएचडीला सहसा फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं. मास्टर्सचा खर्च बहुधा स्वतःचा. कर्ज काढून गेलात तर पहिल्या दिवसापासून ते डोक्यावर असतं आणि विषय निवडतानाही मध्ये येतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती "आधी मास्टर्स करू, मग पीएचडीला सोपं जाईल" या हिशेबात. तारखा मांडून पाहा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झाला, तर पीएचडीचा अर्ज दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे हातात साधारण पंधरा महिने. अभ्यासक्रम एकाच वर्षाचा असेल तर जेमतेम तीन, पहिल्या सत्राचे गुणही लागलेले नसतात. मग पत्रं कोण देणार? तेच जुने तिघे. प्रबंध नसलेलं, नुसत्या कोर्सेसचं मास्टर्स नोकरीसाठी चांगलं आहे, पण पीएचडीचा अर्ज त्याने फारसा बदलत नाही. कॅनडात टोरांटोसारख्या विद्यापीठात संशोधनाचं मास्टर्स विद्यावेतनासह मिळतं, आणि पायरी म्हणून मला तेच खरं वाटतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी पीएचडीसाठी मास्टर्स लागतंच आणि पीएचडीची जागा बऱ्याचदा नोकरीसारखी जाहीर होते, वर्षभर केव्हाही. तिथे हा प्रश्न उरतच नाही.

तुम्ही कुणाबरोबर वर्षभर तरी संशोधन केलं असेल, तर थेट पीएचडीला अर्ज करा आणि जोडीला दोन-तीन प्रबंधवाली मास्टर्स ठेवा. नुसते कोर्सेस झाले असतील आणि संशोधनाची खरीच ओढ असेल, तर वर्षभर कुठल्यातरी लॅबमध्ये संशोधन सहायक म्हणून काम करणं हे कर्ज काढून केलेल्या मास्टर्सपेक्षा मी वर ठेवेन. विषय आवडतो पण संशोधनाचं अजून ठरत नाही, त्यांनी मास्टर्सच करावं आणि ते पुढच्या नोकरीच्या हिशेबात बसतं का तेवढं तपासावं.

आणि ऑगस्टमध्येच, ज्यांच्या पत्रावर तुमची भिस्त आहे त्यांना विचारा: "सर, माझ्या संशोधनाबद्दल भक्कम पत्र देता येईल का?" ते घुटमळले तर यंदा पीएचडीचे अर्ज करू नका.