हालाँगची ‘पूर्ण दिवसाची’ सहल आणि आमची फसवणूक

गेल्या डिसेंबरमध्ये हानोईत मी अठ्ठेचाळीस लाख डाँग, म्हणजे साधारण सोळा हजार रुपये, रोख मोजून जी पावती घेतली, ती अजून माझ्याजवळ आहे. तिच्यावर ‘हालाँग बे, फुल डे, ४ पॅक्स’ (हालाँग उपसागर, पूर्ण दिवस, चार माणसे) एवढाच मजकूर, रक्कम आणि न वाचता येणारी एक सही आहे. आम्हाला जे जे तोंडी सांगितले गेले होते, त्यातले एक अक्षरही तिच्यावर नाही, आणि आमची फसवणूक नेमकी त्या कोऱ्या जागेत झाली. मुंबईहून हानोईला आता थेट विमान जाते, ई-व्हिसा घरी बसून काढता येतो, त्यामुळे आईवडिलांना बरोबर घेऊन व्हिएतनामला निघणारी अनेक कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून मी सगळे तपशिलाने लिहीत आहे.

मी साताऱ्यात एका शाळेत भूगोल शिकवते. बरोबर माझे यजमान, सासूबाई आणि बहात्तर वर्षांचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, असे चौघे होतो. अण्णा बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि दगड हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय. आपल्या सह्याद्रीचा दगड बसाल्टचा, त्यामुळे आपल्याकडची लेणी माणसाने खोदलेली आहेत. हालाँगचे डोंगर चुनखडीचे आहेत. पावसाचे किंचित आम्लयुक्त पाणी लाखो वर्षे झिरपून खडक विरघळत जातो आणि आत दालनेच्या दालने तयार होतात. पुढे समुद्र वर चढला आणि त्या डोंगरांची बेटे झाली. या उपसागराला १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या बो होन बेटावरची सुंग सॉत ही गुहा अण्णांना पाहायची होती, आणि ही सहल आम्ही मुख्यतः तेवढ्यासाठीच ठरवली होती. हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण आम्हाला वेगळीच गुहा दाखवण्यात आली.

होआन किएम तलावाच्या उत्तरेला हानोईची जुनी पेठ आहे. अरुंद गल्ल्या, आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीत सहली विकणारी चार-दोन दुकाने. साताऱ्यातून निघण्यापूर्वी मी एका नावाजलेल्या कंपनीचे नाव वहीत लिहून घेतले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरताना ते नाव एका पाटीवर दिसले आणि आम्ही आत गेलो. पत्ता मात्र मी ताडून पाहिला नाही. नंतर कळले की नाव तंतोतंत तेच नव्हते, मागे एक शब्द जोडलेला होता, रंग आणि अक्षरांचे वळण मात्र तसेच ठेवलेले होते. नावाजलेल्या कंपनीच्या नावाची अशी नक्कल करून पाटी लावणे हानोईत फार जुने आहे, आणि एकाच गल्लीत एकाच नावाची दोन-तीन दुकाने दिसणे तिथे अपवादाने घडत नाही. त्या दुकानाच्या भिंतीवर बेटांची मोठी छायाचित्रे होती, परवान्याचा क्रमांक कुठेही नव्हता. व्हिएतनाममध्ये परदेशी पर्यटकांना सहली विकणाऱ्या कंपनीला आंतरराष्ट्रीय सहलींचा परवाना घ्यावा लागतो, तो क्रमांक विचारण्यात गैर काहीच नाही आणि मी तो विचारायला हवा होता.

टेबलामागचा तरुण अतिशय नम्र होता. सासूबाईंना त्याने स्वतः उठून खुर्ची दिली. नऊ आसनी आरामदायी व्हॅन, बोटीवर पूर्ण सहा तास, सुंग सॉत गुहा, ‘ती तॉप’ नावाचे बेट, लुओन गुहेत कयाक म्हणजे वल्ह्यांची छोटी होडी, शाकाहारी जेवण, परतताना डेकवरून सूर्यास्त, सगळी प्रवेशतिकिटे समाविष्ट, आणि दर माणशी बारा लाख डाँग. मी एकेक गोष्ट विचारत गेले आणि प्रत्येकीला तो ‘हो’ म्हणत गेला. कोणत्या प्रश्नाला त्याने ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हटले नाही, कशाला अट घातली नाही, बोटीचे नाव सांगितले नाही. खरा व्यवहार करणारा माणूस कुठेतरी ‘हे जमणार नाही’ असे म्हणतोच, हे मला नंतर दुसऱ्या गावी नीट अनुभवता आले. आम्ही पैसे मोजले, त्याने ती पावती फाडून दिली.

सकाळी साडेसातची वेळ होती. आम्ही सव्वासातला हॉटेलच्या दाराशी उभे होतो. व्हॅन आली नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी एक मोठी बस गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि एक मुलगा पळत येऊन आमची पावती पाहून आम्हाला घेऊन गेला. त्यानंतर जवळजवळ तासभर ती बस पेठेतल्या इतर हॉटेलांतून माणसे गोळा करत राहिली. ‘तुमची व्हॅन बिघडली’ असे आम्हाला सांगण्यात आले. मागच्या आसनांवर कोचीचे दोन तरुण होते, त्यांनाही व्हॅनच कबूल केली होती आणि त्यांनाही व्हॅन बिघडल्याचेच सांगितले होते. त्यांनी आपल्या वसतिगृहातून दर माणशी साडेसात लाख डाँग भरले होते. बस तीच, बोट तीच आणि जेवण तेच असणार होते.

हायफाँगमार्गे द्रुतगती रस्ता झाल्यापासून हानोई ते हालाँग हे अंतर सुमारे अडीच तासांत कापता येते. आम्हाला त्याहून बराच जास्त वेळ लागला, कारण वाटेत एका प्रचंड मोठ्या हस्तकला-दालनात बस चाळीस मिनिटे थांबली. तिथे भरतकामाची चित्रे, रेशीम, मोती, दगडी मूर्ती यांची विक्री चालते आणि स्वच्छतागृह दालनाच्या दुसऱ्या टोकाला असते, म्हणजे सगळी विक्री ओलांडूनच तिथे पोचता येते. वयस्कर माणसांना थांबा लागतो हे मला मान्य आहे, तरी तो दहा मिनिटांचा पुरतो. परतीच्या वाटेवरही असाच एक थांबा झाला. हा वेळ सहलीच्या ‘पूर्ण दिवसात’ मोजलेला असतो, हे कोणी आधी सांगत नाही.

धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिथे वाटाड्याने बसमधल्या सगळ्यांना सोडून फक्त आम्हा चौघांना बाजूला घेतले आणि दर माणशी दोन लाख डाँग मागितले. ‘तुमच्या दुकानाने फक्त बस आणि बोट घेतली आहे, प्रवेशतिकीट घेतलेले नाही,’ असे त्याचे म्हणणे. मी पावती दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली आणि विचारले, ‘यात तिकीट कुठे लिहिले आहे?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. बोट सुटायला दहा मिनिटे होती, सासूबाई उन्हात उभ्या होत्या, दुकानातला दूरध्वनी कोणी उचलत नव्हते. आम्ही आठ लाख दिले. माझ्या मते ही मागणी धक्क्यावरच केली जाते, कारण तिथून परत फिरण्याची सोय प्रवाशाकडे नसते.

हालाँगच्या एकदिवसीय बोटींचे मार्ग ठरलेले असतात, आणि जाणाऱ्याने सर्वप्रथम समजून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. पहिला मार्ग धक्क्यापासून जवळचा. त्यात थिएन कुंग गुहा, धूपदाणीसारखा दिसणारा दिन्ह हुओंग खडक आणि समोरासमोर उभ्या असलेल्या कोंबड्यांसारखी खडकांची जोडी येते. दुसऱ्या मार्गात सुंग सॉत, ‘ती तॉप’ बेट आणि लुओन गुहा. चार तासांची बोट पहिल्या मार्गाने जाते, सहा तासांची बहुधा दुसऱ्या. दोन्ही सहली ‘हालाँग, पूर्ण दिवस’ याच नावाने विकल्या जातात, आणि त्या नावात खोटे काही नाही, कारण हानोईहून निघून परत येण्यात दिवस जातोच. आमच्या बारा तासांच्या दिवसात पाण्यावरचा वेळ पावणेचार तास होता, त्यातला एक तास जेवणाचा. बोट वळून थिएन कुंगच्या पायऱ्यांशी लागली तेव्हा अण्णांनी नकाशाची घडी उघडली आणि म्हणाले, ‘अगं, हे आपलं बेट नाही.’ वाटाड्याने ‘गुहा म्हणजे गुहाच’ असे उत्तर दिले. थिएन कुंगही सुंदर आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण जी वस्तू विकली ती दिलेली नव्हती.

शाकाहाराबद्दल वेगळे लिहिते. आमच्यापुढे कोबी, भात, केळी आणि ज्यात डुकराचे मांस होते असे तळलेले रोल ठेवण्यात आले, आणि कोबी माशाच्या आंबवलेल्या रसात, म्हणजे न्वोक माममध्ये, परतलेला होता. सासूबाईंनी दिवसभर केळी आणि बरोबरचे दशम्या-चटणी यांवर काढले. तिथे नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘आन चाय’ म्हणजे बौद्ध परंपरेतला शाकाहार, हा शब्द लिहून दाखवावा आणि न्वोक माम नको हेही लिहावे. शाकाहार तिथल्या लोकांना अपरिचित नाही, चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे तो पाळतात. आमच्या बाबतीत अडचण एवढीच होती की दुकानाने आमचा निरोप पुढे पोचवलाच नव्हता.

तो का पोचवला नाही, हे परतीच्या बसमध्ये समजले. वाटाडा वाईट माणूस नव्हता, आणि आठ लाखांबद्दल मी पुन्हा विचारले तेव्हा त्याने बोलता बोलता सांगितले की पेठेतली कितीतरी दुकाने स्वतः सहल चालवतच नाहीत. ती गिऱ्हाईक घेतात, आपला हिस्सा ठेवतात आणि उरलेल्या पैशांत ते गिऱ्हाईक सहल चालवणाऱ्याकडे सोपवतात. कधी मध्ये आणखी एखादे दुकान असते. आमच्या बारा लाखांपैकी त्याच्या कंपनीपर्यंत किती पोचले हे त्याने आकड्यात सांगितले नाही, पण तिकिटाचे पैसे त्यात नव्हते हे तो ठामपणे म्हणाला. अशा साखळीत प्रवाशाला दिलेला शब्द पहिल्याच दुकानात राहतो, पुढे फक्त माणसांची संख्या जाते. त्याच्या गळ्यात ओळखपत्र का नाही, असेही मी विचारले. तिथल्या कायद्यानुसार वाटाड्याने काम करताना आपले कार्ड घातलेले असले पाहिजे. त्यावर तो गप्प राहिला.

सूर्यास्त आम्ही बसच्या काचेतून पाहिला.

रात्री साडेआठला परतलो तेव्हा दुकान बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे वेगळीच मुलगी बसलेली होती आणि कालच्या तरुणाला ओळखत नसल्याचे सांगत होती. आमच्या हॉटेलमधली स्वागतिका माझ्याबरोबर आली, व्हिएतनामी भाषेत शांतपणे पण बराच वेळ बोलली, आणि पोलिसांकडे जाण्याचा उल्लेख केल्यावर तिकिटांचे आठ लाख परत मिळाले. बाकी काही मिळाले नाही. आमचे दा नांगचे विमान दुपारी होते, आणि आमच्यापाशी वेळ नाही हे त्या मुलीला आमच्या बोलण्यावरून कळले होते. म्हणून माझा आग्रह असा की हालाँगची सहल हानोईतल्या शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये, मध्ये किमान एक दिवस मोकळा असावा. परत मिळालेल्या नोटाही तिथेच मोजून घ्याव्यात, कारण वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळ्या असतात आणि घाईत चूक होते.

पुढे दा नांगजवळच्या होई आन गावातून ‘मी सन’ या ठिकाणची सहल ठरवताना मी सगळे वेगळ्या रीतीने केले. ‘मी सन’ म्हणजे मध्य व्हिएतनाममधल्या प्राचीन चंपा राज्याच्या राजांनी बांधलेल्या विटांच्या शिवमंदिरांचा समूह, १९९९ पासून जागतिक वारसा. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे जीर्णोद्धाराचे काम केले आहे, आणि त्या कामात २०२० साली नवव्या शतकातले वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले. अण्णांना त्या विटांचे सांधे पाहायचे होते. मी तीन ठिकाणी एकच पत्र पाठवले. त्यात विचारले की वाहन किती आसनी, प्रत्यक्ष मंदिरांपाशी किती वेळ, वाटेत दुकानाचे थांबे आहेत का, तिकीट धरून किंमत किती, सहल तुम्ही स्वतः चालवता की दुसऱ्याकडे देता, आणि तुमचा परवाना क्रमांक काय. एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने सगळ्याला मिळून ‘काळजी करू नका’ असे एका ओळीत कळवले. तिसऱ्या जागी एक बाई होत्या. त्यांनी मुद्देसूद उत्तर दिले आणि त्यात लिहिले की परतीचा नदीतला बोटीचा टप्पा तुमच्या सासूबाईंना चढ-उतारामुळे जमणार नाही, तो काढून टाकते आणि तेवढे पैसे कमी करते. थोडी रक्कम आगाऊ आणि उरलेली सहलीनंतर, एवढेच त्यांनी मागितले.

त्या सकाळी वाटाड्याचे कार्ड त्याच्या गळ्यात होते. अण्णा एका भिंतीपाशी अर्धा तास बसून राहिले, दोन विटांमध्ये चुन्याचा मागमूस कसा नाही हे बोटाने चाचपत. त्यांना उठा असे कोणी म्हटले नाही.