वाडीतलं फायबर कनेक्शन, दोन वर्षं वापरल्यावर

दोन वर्षं झाली घरात फायबरचं इंटरनेट येऊन, म्हणजे दोन पावसाळे काढले त्याने, त्यामुळे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. गाव संगमेश्वर तालुक्यात, मेन रोडपासून आत, सात घरांची वाडी. कंपनीचं नाव देत नाही कारण त्याच कंपनीची सर्व्हिस शेजारच्या गावात एकदम वेगळी असू शकते, वायर कुठून आलीय आणि दुरुस्तीला कोण येतो यावरच सगळं ठरतं.

आधी चांगलं सांगते. ५० एमबीपीएसचा प्लॅन आहे, ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये महिना. लाइन चालू असली की स्पीड पूर्ण मिळतो, रात्री आठ-नऊला सगळी घरं वापरत असतात तेव्हासुद्धा. मी घरून व्यापाऱ्यांची अकाउंटची कामं करते. पूर्वी २० तारीख जवळ आली की लॅपटॉप घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं, तिथे रेंज मिळते, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून उन्हात कातळावर बसून जीएसटी रिटर्न भरलेत मी, ओटीपी यायच्या आत पोर्टल लॉगआउट व्हायचं आणि परत पहिल्यापासून. आता तेच काम पडवीत बसून होतं. आणि आई, जिला मोबाइल हातात धरायची भीती वाटायची, ती रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की पुण्याला भावाच्या पोरीशी व्हिडिओ कॉल करते, ती तिला पाढे म्हणून दाखवते. या एका गोष्टीसाठी मी ५८९ रुपये खुशीने देते.

आता कनेक्शन मिळालं कसं ते वाचा, घेणार असाल तर उपयोगी पडेल. रोडवरच्या शेवटच्या बॉक्सपासून वाडी ३४० मीटर. कंपनी म्हणाली पहिले १०० मीटर आमचे, पुढची वायर, खांब, मजुरी तुमची. मग पालखीला काढतो तशी वर्गणी काढली, घरटी १,५०० रुपये, सात घरांचे १०,५००. त्यात खांब बसेनात म्हणून वायर गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, आणि तीन काजू, एक फणस अशी झाडाझाडाने आणली. शेवटच्या घरातल्या काकी विधवा पेन्शनवर राहतात, त्यांचे १,५०० बाकीच्यांनी वाटून घेतले. फायबर घरात पोचवायचा खर्च असा पेन्शनमधून निघावा हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

पहिल्याच जुलैत फणसाची फांदी पडली, वायर तुटली, घरातल्या बॉक्सवर लाल लाइट. अ‍ॅपवर कम्प्लेंट टाकली, कुणी न येता दोनदा 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली. एकूण ११ दिवस इंटरनेट नव्हतं, त्यात माझी रिटर्नची तारीख गेली आणि लेट फी मी माझ्या खिशातून भरली, क्लायंटला काय सांगणार. शेवटी एक मुलगा आला, पलीकडच्याच गावचा, बाइकवर पुढे मशीनची पेटी. 'ताई, छत्री धरा जरा, यात पाणी गेलं तर मशीन गेलं' म्हणाला. वायरचं काळं आवरण सोललं, आतून केसासारखी काच निघाली, ती स्पिरिटने पुसली, कटरने सरळ कापली, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली, छोट्या स्क्रीनवर ती एकमेकांजवळ सरकताना दिसली, एक ठिणगी, झालं. वर प्लास्टिकची नळी चढवून गरम केली. मग घरात येऊन सिग्नल मोजायचा मीटर लावला, आकडा आला वजा २३. वजा २७ च्या खाली गेलं की लाइन तुटायला लागते, हे त्यानेच सांगितलं. कनेक्शन घेताना हा आकडा मीटरवर दाखवायला सांगा, लिहून ठेवा. अर्ध्या तासाचं काम होतं ते. ११ दिवस गेले कारण तो एकटा १४ गावं बघतो आणि त्याला पगार नाही, चालू कनेक्शनमागे कमिशन मिळतं. पेट्रोल त्याचं.

मला मुख्य बोलायचंय ते पैशाबद्दल. गावोगाव फायबर न्यायची योजना आजची नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, अडीच लाख ग्रामपंचायती, साधारण २०,००० कोटी, दोन वर्षांत पूर्ण करायचं ठरलं होतं. २०१५ मध्ये नाव बदलून भारतनेट झालं. पहिल्या एक लाख ग्रामपंचायती व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. आता दोन लाखांच्या वर ग्रामपंचायती 'सर्व्हिस रेडी' आहेत, पण रेडी म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑफिसपर्यंत वायर आणि बॉक्स. आमच्याकडे तो बॉक्स कपाटाशेजारी भिंतीवर आहे, मी कितीदा गेले तेव्हा बंदच होता, लाइट बिलाचं आणि बॅटरीचं कुणी बघायचं यावर अडलेलं. तिथून आमची वाडी दीड किलोमीटर.

आणि पैसा नव्हता असं नाही. टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईवर, म्हणजे एजीआरवर, २००२ पासून ५ टक्के लेव्ही याच कामासाठी घेतली जाते, की जिथे धंदा परवडत नाही तिथे सेवा पोचावी. तो फंड म्हणजे यूएसओ फंड, २०२३ च्या टेलिकॉम कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. कंपन्या ते पैसे शेवटी आपल्या रिचार्जमधूनच काढतात. म्हणजे आईच्या साध्या फोनच्या रिचार्जमधूनसुद्धा इतकी वर्षं यात पैसे गेलेत, आणि वर परत आमच्याकडून घरटी १,५००. एकाच वायरीचे दोनदा पैसे झाले हे.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले, त्यात १० वर्षांची देखभाल धरलीय आणि गावातल्या दीड कोटी घरांना कनेक्शन द्यायचं ठरलंय. तालुका ते ग्रामपंचायत आता रिंग करणार आहेत, म्हणजे एका बाजूने जेसीबीने तोडलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. जुनी लाइन सरळ होती, एक जागा तुटली की पुढची सगळी गावं बंद. हे चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. पण रिंग ग्रामपंचायतीपाशी संपते आणि आमचा फणस त्याच्या पुढे आहे. माझं म्हणणं एवढंच की निधीतून बॉक्सपासून उंबऱ्यापर्यंतची वायर, दोन धड खांब आणि त्या मुलाचा ठरलेला पगार निघाला पाहिजे. महिन्याचं बिल आम्ही भरू, ते कुणी फुकट मागत नाहीये.

मध्यंतरी टेलिकॉम कंपन्या म्हणत होत्या की व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. तत्त्वतः मला ते चुकीचं वाटत नाही, आमच्या वाडीत निम्मा डेटा त्यातच जातो. फक्त तो वाटा टेलिकॉम कंपनीच्या खात्यात नको, सरळ निधीत जावा, आणि किती मीटर वायर कुठल्या वाडीत टाकली ते तालुक्याला बोर्डावर लागावं. नाहीतर पैसा परत शहरातच फिरेल, जिथे एका बिल्डिंगला चार कंपन्यांच्या वायरी लोंबतायत.

तर कनेक्शन घ्या, मी पाचपैकी साडेतीन देईन, दीड स्टार दुरुस्तीसाठी कापलाय, त्या मुलासाठी नाही. इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा बॉक्स दोन्ही त्यावर घ्या, आमच्याकडे पावसात लाइट जाते तेव्हा एकच जोडलेला असला की उपयोग नसतो. झाडावरून वायर आणूच नका, वर्गणी जास्त गेली तरी खांबच घाला. आम्ही १ मेच्या ग्रामसभेत खांबांसाठी अर्ज दिलाय, सातही घरांच्या सह्या आहेत, काकींचा अंगठा आहे, पोच घेऊन ठेवलीय. काही झालं की इथेच खाली लिहीन.