साठ हजारांचा ओएलईडी मॉनिटर: अख्खा पावसाळा काढल्यावरचं मत

आधी निकाल सांगतो. महागड्या गेमिंग मॉनिटरचे पैसे वसूल होतात ते काळ्या रंगात, हर्ट्झमध्ये (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या आकड्यात) नाही. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत हर्ट्झच छापलेले असतात.

माझा २७ इंची क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो), १४४०पी (२५६० x १४४० पिक्सेल), २४० हर्ट्झ. साठ हजारांच्या घरात पडला. आधीचा १४४ हर्ट्झचा आयपीएस (मागून दिवा असलेला एलसीडी) विकला नाही, तो शेजारीच दुसरा स्क्रीन म्हणून लावलाय, त्यामुळे तुलना रोज डोळ्यांसमोर असते. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०. घर गोव्यात, फोंड्याला.

हर्ट्झचा हिशोब साधा आहे. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. पहिल्या उडीत जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत तीनसुद्धा नाहीत. गणेश चवथीला मूळ घरी जाण्याआधी चुलतभाऊ दोन दिवस माझ्याकडे होता. तो व्हॅलोरंटवाला (ऑनलाइन शूटर गेम), दिवसरात्र तेच. त्याला न सांगता मी सेटिंग १४४ वर आणून ठेवलं. "दादा, २४० म्हणजे वेगळीच गोष्ट रे!" म्हणत तो तासभर खेळला. ६० वर आणल्याबरोबर मात्र त्याने माऊस सोडला आणि माझ्याकडे बघितलं. आता खरं सांगायचं तर त्याच्या कौतुकात थोडं तथ्य होतं. ओएलईडीचे पिक्सेल रंग बदलायला जवळजवळ वेळच घेत नाहीत, म्हणून १४४ वरही हलत्या वस्तूमागे ते भुरकट शेपूट दिसत नाही. म्हणजे श्रेय पॅनलचं, आकड्याचं नव्हे. (आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला नेटला लागणारा वेळ, कुठलाही मॉनिटर कमी करत नाही. पावसात नेट रडायला लागलं की २४० हर्ट्झवरही तितक्याच सफाईने मरता येतं.)

उलट उदाहरण एल्डन रिंगचं. पीसीवर हा गेम ६० एफपीएसच्या (सेकंदाला ६० फ्रेम्सच्या) वर जातच नाही, म्हणजे माझ्या २४० पैकी १८० हर्ट्झ नुसते बसून. तरी सगळ्यात जास्त मजा मला त्यातच आली. गुहेत शिरल्यावर आयपीएसवर अंधार राखाडी दिसतो, कारण मागचा दिवा चालूच असतो. ओएलईडीत काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. हातातली मशाल तेवढी पेटलेली आणि बाकी खरोखरच काही नाही. हे एकदा बघितलं की शेजारचा आयपीएस धुतल्यासारखा वाटतो.

पण त्याला खोली अंधारी हवी. क्यूडी-ओएलईडीच्या या पॅनलवर पोलरायझर (बाहेरच्या उजेडाची चमक अडवणारा थर) नसतो, त्यामुळे बाहेरचा उजेड पडला की काळा रंग जांभळट-राखाडी होतो. आमच्यासारखं मोठ्या खिडक्यांचं, पांढऱ्या भिंतींचं घर असेल तर मे महिन्यात दुपारी साठ हजारांचा काळा विसरा. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनला उजेडही २५० निट्सच्याच (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास मिळतो. जून लागला, आभाळ भरलं, की दिवसासुद्धा बहार.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. या पॅनलमध्ये लाल, हिरवा, निळा हे एका ओळीत नसून त्रिकोणात बसवलेले असतात. त्यामुळे आडव्या रेषांच्या कडेला हिरवट-गुलाबी छटा दिसते. इंग्रजीत ती फारशी खटकत नाही, पण आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेघ! अक्षरं मोठी ठेवली तर सवय होते. दिवसभर ऑफिसचं काम मी अजून आयपीएसवरच करतो. तेवढाच बर्न-इनचाही (एकच चित्र फार वेळ राहून त्याचा कायमचा डाग पडण्याचा) धोका कमी.

बर्न-इनवरून आठवलं. काही तास वापर झाला की हा मॉनिटर स्टँडबायमध्ये स्वतःच पिक्सेल रिफ्रेश (असे डाग टाळायची पॅनलची स्वतःची दुरुस्ती) चालवतो. मेन स्विच बंद असेल तर ते होत नाही. आणि गोव्यात ढग गडगडायला लागले की घरातले सगळे प्लग निघतात. आई काढते, आणि बरोबरच करते. म्हणून खेळून झालं की मी मेनूतून हाताने रिफ्रेश लावतो, मग उठतो. टास्कबार लपवलेला, वॉलपेपर काळा. अजून डाग नाही, पण एका पावसाळ्यावरून टिकाऊपणाचं सर्टिफिकेट देणार नाही. मधे लाईट गेली तर रिफ्रेश अर्धवट राहू नये म्हणून मॉनिटरही यूपीएसवर घेतलाय.

एक खरा त्रास: फ्रेमरेट वरखाली व्हायला लागला की व्हीआरआर (गेमच्या फ्रेमरेटप्रमाणे हर्ट्झ बदलत ठेवणारी सोय) चालू असताना अंधाऱ्या दृश्यांत स्क्रीन लुकलुकतो. जड गेममध्ये ४०६० ची दमछाक होते तेव्हा हे हमखास. एफपीएसला मर्यादा घातली की बरंच थांबतं. पीएस५ (प्लेस्टेशन ५) जोडणार असाल तर तो १२० हर्ट्झच्या पुढे जात नाही, एवढं धरून चाला.

चुलतभावाला मी हा घे म्हटलं नाही. त्याने १८० हर्ट्झचा आयपीएस घेतला आणि उरलेले पैसे कार्डात घातले. फक्त शूटर खेळणाऱ्याला मी तेच सांगेन. रात्री दिवे मालवून गोष्टीचे गेम खेळणाऱ्याने मात्र ओएलईडीच घ्यावा. १४४ च्या खाली जाऊ नका, पण २४० साठी वेगळे पैसेही मोजू नका. घेण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट विचारा: बर्न-इन वॉरंटीत लिहिलंय का, आणि पॅनल गेलं तर माणूस घरी येणार की खोकं राज्याबाहेर पाठवावं लागणार. दुसरं उत्तर आलं तर खोकं टाकू नका. माळ्यावर ठेवणार असाल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते.