फाइल हिस्टरी आणि दोन हार्ड डिस्क: दिवाळी अंकांचा हंगाम काढल्यावर

लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि गणपती झाले की दिवाळी अंक, असं आमचं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम. फाइल जपायची या धंद्यातली रूढ पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: 'फायनल', 'फायनल2', 'नवीन फायनल', 'प्रेसला दिलेली फायनल'. शिवाय कोरलड्रॉ हा आमचा पानं-चित्रं करायचा प्रोग्रॅम स्वतःहून 'बॅकअप ऑफ' नावाची एक प्रत बाजूला टाकतो, म्हणजे बॅकअप आहेच, असा बऱ्याच ऑपरेटरांचा समज. ती प्रत त्याच फोल्डरात, त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की दोन्ही एकदम गेल्या.

विंडोजमधलं फाइल हिस्टरी, म्हणजे फाइलींच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर आपोआप काढत राहणारी सोय, मी ऐन हंगामाच्या तोंडावर सुरू केलं. 2012 साली विंडोज 8 बरोबर आलेली ही सोय विंडोज 11 मध्येही आहे, पण जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन शोधावी लागते. समोर दिसतं ते 'विंडोज बॅकअप'. ते वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीकडे नेतं आणि तिथली फुकटची जागा 5 जीबी. एका अंकाची स्कॅन केलेली चित्रंसुद्धा त्यात मावत नाहीत. म्हणून बाहेरून लावायची 2 टीबीची डिस्क घेतली. (विंडोज ती 1.81 टीबी दाखवतं. दुकानदाराशी भांडू नका, मोजायच्या पद्धतीचा फरक आहे.)

सुरू करताना एक गोष्ट नक्की बघा. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा डी ड्राइव्ह वेगळा काढून देतो आणि सगळं काम तिथेच साठतं. फाइल हिस्टरीचं लक्ष मात्र डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असल्या ठरावीक फोल्डरांवर. डी वरच्या कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो लायब्ररीत (विंडोजच्या फोल्डरांच्या यादीत) घातला, तरच तो धरला जातो. नाहीतर 'चालू आहे' असं दिसत राहतं आणि कामाची एकही फाइल पलीकडे जात नाही. या सोयीत सगळ्यात फसवं मला हेच वाटतं.

आता हिचा खरा उपयोग. सेटिंग बदललं नाही तर ती दर तासाला बघते आणि ज्या फाइलीत फेरफार झाला तिची नवी प्रत काढते. ऑक्टोबरात एका अंकाच्या संपादकांनी संपादकीयावर करेक्शनांचा सपाटा लावला आणि फाइल प्रेसला जायच्या आदल्या संध्याकाळी फोन केला, "अहो, मंगळवारी सकाळी दाखवलंत ना, तेच राहू द्या." सगळं काम एकाच फाइलीवर झालेलं. डिस्कवर गेलो तर प्रती ओळीने मांडलेल्या, त्यांत एक 'संपादकीय (2024_10_08 06_10_05 यूटीसी)'. नावातली वेळ आपली नसते, तीत साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे मंगळवार, सकाळचे 11:40. नेहमीसारखी डबल क्लिकने उघडली. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, हे मला फार आवडलं. पाच मिनिटांत संपादकांना पीडीएफ गेली. आधीची करेक्शनं फुकट गेली, ते सोडा.

जागा मात्र सढळ हाताने खाते. फक्त बदललेला भाग साठवायची युक्ती इथे नाही, दर वेळी अख्खी फाइल. 200 एमबीचं मुखपृष्ठ दिवसभरात आठ वेळा पकडलं गेलं की 1.6 जीबी गेले. त्यात मूळ सेटिंग 'कायम ठेवा' असं असतं. मी ते सहा महिन्यांवर आणलं. तेवढ्या काळात अंकाचं बिल येतं, कधी कधी.

ही डिस्क सदा जोडलेली, त्यामुळे मे 2017 मधल्या वॉनाक्रायसारखं एखादं खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरलं तर तीही कुलूपबंद होणार. म्हणून दुसरी डिस्क शनिवारी लावतो, फ्रीफाइलसिंक या दोन फोल्डर जुळवून देणाऱ्या प्रोग्रॅमने मिरर करतो, काढतो आणि घरी नेतो. मिरर म्हणजे इथे पुसलं ते तिथेही पुसणार. त्यासाठी त्यातलं व्हर्जनिंग चालू ठेवलंय, पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात जाऊन पडतात. आणि बटण दाबण्याआधी किती फाइली पुसल्या जाणार तो आकडा ते दाखवतं. तो भलताच मोठा दिसला तर थांबायचं. गूगल ड्राइव्हवर फक्त बिलं आणि कोटेशनं ठेवतो. ते 15 जीबी जीमेल आणि फोटोंसकट असतात, हे विसरू नये.

मार्चमध्ये काम कमी असताना घरची डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून पाहिली. फाइली सगळ्या होत्या, उघडल्याही, पण युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टात केलेल्या जुन्या अहवालांत मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि कंसांचा नुसता काला. ते फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हतेच. फाइल हिस्टरी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरला हात लावत नाही, प्रोग्रॅमही उचलत नाही. आता फॉन्टांची प्रत, सेटअप आणि लायसन्सचे नंबर कामाच्याच फोल्डरात ठेवलेत. डीटीपीवाल्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी एवढं करा.

दिवसभर एका जागी चालणाऱ्या कॉम्प्युटरला हे सगळं चांगलं लागू पडतं. भाची तिच्या लॅपटॉपवरही फाइल हिस्टरी लावून दे म्हणत होती. तिची डिस्क महिना महिना कपाटाबाहेर येत नाही, मग तासातासाच्या प्रती जाणार कुठे? तिला नुसतं फ्रीफाइलसिंक लावून दिलंय आणि फोनमध्ये रविवारचा गजर.