अक्षतांच्या दिवशी आलेले 61 फॉर्म

सर्व्हेचे फॉर्म भरून घेण्यात 46,900 रुपये गेले. 1,240 फॉर्म, दर फॉर्मला 35 प्रमाणे 43,400, आणि वर 'जास्त काम केलं' म्हणून मी आपणहून दिलेला 3,500 चा बोनस. मी तासिका तत्त्वावर शिकवते, चार महिन्यांचं मानधन थकलंय.

पीएच.डी.साठी सोलापुरातल्या विडी कामगार बायकांचा सर्व्हे होता. दोन कॉलेजांत तास घेऊन एकटीनं विडी घरकुल, साखर पेठ, अशोक चौक पालथं घालणं जमणारं नव्हतं, म्हणून टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून चौघांना काम दिलं. टोपणनाव आणि यूपीआय आयडी, एवढीच ओळख. फॉर्मच्या सुरुवातीलाच 'मी खरी माहिती भरेन' अशी शपथ ठेवली होती. आधी सही घेतली की माणूस खोटं कमी लिहितो, असं 2012 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात होतं. त्यातला डेटाच बनावट असल्याचं उघड होऊन तो 2021 मध्ये मागे घेतला गेला, हे मला पैसे गेल्यावर कळलं. शपथेवर भिस्त ठेवू नका.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी स्वतः संमती कट्ट्याजवळ, जिथं अक्षता पडतात तिथं, गर्दीत उभी होते. अख्खं गाव तिथं लोटलेलं. आणि मोबाईल सारखा वाजत होता, एकामागून एक फॉर्म, संध्याकाळपर्यंत 61! त्या दिवशी कोण कुणाच्या दारात बसून 42 प्रश्नांची उत्तरं देईल? मी इथलीच, मला हे कळायला नको? पण सबमिशनची तारीख डोक्यावर होती आणि आकडा वाढत होता. मी खूष झाले.

नंतर उघडून पाहिलं. एकेक फॉर्म 50 सेकंदांत भरलेला. पूर्व भाग म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांची वस्ती, आणि तिथल्या शेकडो घरांत मातृभाषा 'मराठी', तेलुगू एकातही नाही. मजुरी 'महिना पगार'. अहो, मजुरी हजार विड्यांवर मिळते! असा एखादा प्रश्न आधी पेरून ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. आणि पहिले दहा तपासल्याशिवाय रुपया सोडू नका.

सायबर पोलिसांकडे गेले. "काम तुम्हीच दिलं, पैसे तुम्हीच पाठवले, मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, पुढे काही नाही. बँकेत गेले तर 'व्यवहार तुमच्याच पिननं झालाय'. तीन वेळा गेले, दर वेळी नवा साहेब, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि शेवटी तेच, "शिकलेल्या असून मॅडम?" ग्रुपच्या ॲडमिननं मला ब्लॉक केलं, त्या तिघांना नाही.

चौथा मुलगा मात्र लिहायचा, "ताई, आज तीनच झाले, बाया विड्या द्यायला कारखान्यात गेल्या होत्या." मी त्याला सुनावलं, बाकीचे चाळीस-चाळीस देतात, तुला काय होतंय? तो काम सोडून गेला. संख्येवर बोनस देऊ नका. आणि कमी आकडा कळवणाऱ्याला रागावू नका, त्याला थोडे जास्तच द्या. त्याचे 18 फॉर्म होते, 630 रुपयांचे. ती सगळी घरं मी परवा फिरून आले. अठराही बायका भेटल्या, उत्तरं जुळली.